बी झाकलेलं की उघडं?

भरीत-पार्टीत सगळे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत असले, की आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सर एक कच्चं वांगं मधोमध कापायचे आणि माझ्या नाकासमोर धरून विचारायचे, ‘‘सांगा, बी झाकलेलं की उघडं?’’

मी पडलो इतिहासवाला. ‘‘तुम्ही कापलंत, म्हणजे उघडंच की,’’ असं एकदा म्हणालो, तर त्यांनी कपाळावर हात मारला.

‘‘अहो, फळाच्या पोटात बी, म्हणजे झाकलेलं! वांगं, कापूस, केळी, सगळी झाकलेल्या बियांची.’’

केळ्यात बी कुठे असतं, हे विचारायची सोय नव्हती. भरीत गार झालं असतं.

धुळ्यात त्यांच्या अंगणात एक झाड होतं. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही पामच म्हणाला असता. सर चिडायचे. ‘‘पाम नव्हे, सायकस! याला फळ धरतच नाही. बी नुसतं उघड्यावर बसतं. जन्मभर पोरांना शिकवलं, आता आपल्या हातच्या झाडाचं बी एकदा बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील.’’

पुष्कळ वर्षं वाट पाहिल्यावर एका उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्यावर कणसासारखं काहीतरी उभं राहिलं. मी पेढे घेऊन गेलो. सर पायरीवर तोंड पाडून बसलेले.

‘‘नर निघाला हो. याला कसलं आलंय बी!’’

या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी, हे मला तेव्हा कळलं. पेढ्यांचं काय करावं, ते काही कळेना.

मादी सापडली दोंडाईच्याला, एका मारवाडी शेठजींच्या बंगल्यात. सरांनी नराचे पराग कागदाच्या पुडीत बांधले, पुडी वरच्या खिशात घातली आणि मला हाताला धरून एसटीत बसवलं. सर मादीच्या शेंड्यावर पुडी झटकायला लागले, तेव्हा बंगल्याचा म्हातारा माळी जवळ आला.

‘‘हाई काय करी ऱ्हायनात, सर?’’

‘‘लग्न लावतोय, नाना.’’

नाना खरंच आतून अक्षता घेऊन आले. मीही टाकल्या. आपण वऱ्हाडी की साक्षीदार, मला उमगेना. सर मात्र नवऱ्याकडचे असूनही पोरीच्या बापासारखे डोळे पुसत होते.

‘‘आता काही महिने थांबायचं,’’ परतताना ते म्हणाले. ‘‘घाई करून चालत नाही.’’

आणि घाई केली ती त्यांनीच. पोळ्याच्या सुमारास चहा पिता पिता गेले. मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. असं अर्ध्यावर टाकून जातं का कुणी?

हिवाळ्यात नाना सरांना शोधत कॉलेजात आले. रुमालात बांधलेल्या बिया त्यांनी माझ्या टेबलावर सोडल्या. शेंदरी, बोराएवढ्या.

‘‘बठ्ठं चांगलं धरनं. सर कोठे शेतस?’’

सर गेल्याचं मी सांगितलं. नाना तिथेच खाली बसले.

संध्याकाळी मी रुमाल घेऊन सरांच्या अंगणात गेलो. नरासमोर एकेक बी मांडून ठेवलं. मग माती उकरली आणि एक बी हातात घेतलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, दोन्ही टोकं सारखीच.

‘‘सर, वरची बाजू कोणती?’’ म्हणत मी पायरीकडे वळलो.