जावयाच्या गाडीचं बोनेट

रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पाणी नव्हतं. ऑइलचं झाकण उघडलं तर आत चहा होता.

चहा म्हणजे तो रंग. इंजिनमधलं ऑइल काळं असतं. त्यात पाणी मिसळलं की ते फेटलं जाऊन दुधाच्या चहासारखं होतं आणि झाकणाला साय धरतं. ही साय दिसली की आम्ही गिऱ्हाइकाला खुर्ची देतो, कारण पुढची बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नसते.

देविदासभाऊ खुर्चीवर बसले नाहीत. त्यांची व्हॅन दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणली होती. एप्रिलचं ऊन, कामठी रोडवर गाडीने वाफ सोडली आणि बंद पडली. ते डोक्याला दुपट्टा बांधून गॅरेजसमोर रस्त्यावर उभे होते. लकडगंजात माझं गॅरेज आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, वारले तेव्हापासून मीच चालवते. देविदासभाऊ ज्या पॉवरलूमवर कामाला होते, तिथला टेम्पो आमच्याकडे यायचा, म्हणून ओळख.

"जय भीम, ताई. काय झालं वं हिले?"

"हेड गेलं असंल. कधी घेतली?"

"याच महिन्यात. जूनपासून शाळेची पोरं सोडाची होती. दोन शाळांत बोलून ठेवलं."

"घेताना कोणाले दाखवली नाही का? फोन केला असता त मी मिस्त्री पाठवला असता."

त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "जवाईचीच गाडी घेतली, ताई."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं. जावई पंकज स्वतः घरी गाडी घेऊन आला. मुलगी सविता आली, नातू आला. गाडीला हार घातला, पेढे वाटले. शेजारचा ऑटोवाला म्हणाला, काका, एकदा बोनेट उघडून पाहा. देविदासभाऊंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"जवाई समोर उभा असताना बोनेट कसं उघडाचं? त्याले काय वाटलं असतं?"

"त्याले वाटलं असतं त वाटलं असतं. गाडीले काय झालं ते तुम्हाले समजलं असतं."

"तुम्हाले मुलगी नाही, ताई," ते म्हणाले.

खरं आहे. मी रफीकला हेड उतरवायला सांगितलं.

हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण समजा. त्याच्या आतून पाण्याच्या वाटा असतात. पाणी फिरतं म्हणून इंजिन थंड राहतं. इंजिन फार तापलं की हेड वाकडं होतं किंवा त्याला तडा जातो. मग पाणी ऑइलमध्ये उतरतं. रफीक माझ्याकडे वीस वर्षांपासून मिस्त्री आहे. हेड उतरवून त्याने डिझेलने धुतलं, उलटं केलं आणि मला हाक मारली.

"काकू, ये पहले भी खुला है."

तडा होता, पण त्या तड्यावर वेल्डिंग होतं. वेल्डिंगच्या कडेने नवा तडा गेला होता. ताजं वेल्डिंग पांढरं चमकतं. हे काळं पडलं होतं, त्यावर काजळीचा थर बसला होता. काही महिन्यांचं तरी असणार.

मग रफीकने वायरिंग पाहिलं. इंजिन किती तापलं ते सांगणारा एक सेन्सर असतो. त्याची वायर ड्रायव्हरसमोरच्या काट्याकडे जाते. ती वायर काढून, टोकाला टेप गुंडाळून, पाइपच्या मागे खोचून ठेवली होती. म्हणजे इंजिन भट्टी झालं तरी काटा खालीच.

देविदासभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वायरचं टोक हातात घेतलं.

"मी पाहत होतो ना ताई, काटा वर जातच नव्हता. मनात म्हटलं, गाडी थंडी आहे, जवाईनं चांगली ठेवली."

माझ्या डोक्यात दुसरंच आलं. जून असता तर आत पोरं असती. ते त्यांनाही समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लवकर आले. म्हणाले, पंकज इथं येणार आहे. गाडी बंद पडल्याची गोष्ट त्याच्या घरी पोचली होती. त्याच्या आईने सविताला ऐकवलं होतं की तुझा बाप माझ्या पोराचं नाव खराब करून राहिला. आता पंकजला मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं होतं की गाडी चांगलीच होती.

"ताई, एक काम करजा. त्याले सांगजा, म्हाताऱ्यानं पाणी पाह्यलं नाही म्हणून इंजिन गेलं."

"खोटं आहे ते."

"मले माहीत आहे खोटं आहे. पोरगी त्याच्या घरी आहे ना वं."

हात जोडले त्यांनी. साठीच्या वरचा माणूस. मला राग आला, त्यांचाही आणि जोडलेल्या हातांचाही.

"मी होऊन काही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण त्यानं विचारलं त जे आहे ते सांगीन."

"तो विचारते कशाले?"

ही त्यांची दुसरी चूक. ज्याने लपवलेलं असतं तो विचारतोच. समोरच्याला किती कळलं ते त्याला पाहायचं असतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. उतरवलेला प्रत्येक पार्ट ओट्यावर पत्र्यावर मांडून ठेवायचा. गिऱ्हाइकाने पाहिल्याशिवाय तो हलवायचा नाही. मालकांनी लावलेली शिस्त आहे. देविदासभाऊंनी दोनदा त्या पत्र्याकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी पत्रा झाकला नाही.

पंकज दुपारी मोटरसायकलवर आला. मागे सविता. नातवाला घरी पंकजच्या आईजवळ ठेवलं होतं. पंकज इस्त्रीच्या शर्टात, बोलायला गोड.

"नमस्कार, काकू. काय म्हणते आमची गाडी? बाबांनी पाणीगिणी टाकलं नसंल. उन्हाळ्यात रोज पाहा लागते, मी सांगितलं होतं."

"हो, जवाईबापू," देविदासभाऊ लगेच म्हणाले. "माझ्याच्यानंच राहून गेलं."

"बस, मंग. मशीन आहे, माणसाची चूक होतेच." तो सविताकडे वळला. "आता घरी जाऊन आईले सांग. ऐकलं ना तुह्या बापाच्या तोंडून?"

तिथेच संपलं असतं. मी तोंड बंद ठेवलं होतं. पण सविता पत्र्याजवळ गेली होती. शिलाई करणारी बाई आहे, जोड दिसला की तिची नजर तिथे जाते.

"काकू, हे जोडल्यासारखं दिसते. हे काय आहे?"

"वेल्डिंग," मी म्हटलं.

"हे तुम्ही केलं?"

"नाही."

ती खरंच आठवून राहिली होती. मनात काही ठेवून बोलत नव्हती. पंकजला म्हणाली, "अहो, दिवाळीत गाडी गॅरेजात होती ना? तेव्हाचं असंल का हे? तुम्ही त म्हणत होते, सीट कव्हर टाकून राहिलो."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने बापाकडे पाहिलं. बाप खाली पाहत होता.

"तू चाल घरी," पंकज म्हणाला.

"अहो, मी फक्त विचारून राहिली..."

"काहून विचारून राहिली? इथं? लोकांसमोर?" मग तो माझ्याकडे आला. गोडवा गेला होता. "काकू, तुम्हीच सांगा. मी फसवलं का यांले?"

"ताई," देविदासभाऊ म्हणाले. तेवढंच.

"वेल्डिंग जुनं आहे," मी म्हटलं. "त्याच्यावर काजळी बसली आहे. काट्याची वायर काढून ठेवली आहे. कोणं काढली ते मी पाह्यलं नाही. पण टेप आपोआप गुंडाळल्या जात नाही."

रफीकने हातातला पाना खाली ठेवला. पंकजने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली. मला वाटलं माझ्यावर ओरडेल. तो माझ्यावर ओरडला नाही. सविताला म्हणाला, "बापाच्या बाजूनं साक्ष द्याले आली होती ना? मंग बापाकडंच राह्य."

"पोरगं घरी आहे," ती म्हणाली.

"आहे ना. माह्या घरी आहे."

मोटरसायकल सुरू झाली. देविदासभाऊ रस्त्यापर्यंत मागे धावले, "जवाईबापू, ऐका त खरं, माझीच चूक आहे," म्हणत. चप्पल गॅरेजातच राहिली. लकडगंजाच्या दुपारच्या डांबरावर अनवाणी. परत आले तेव्हा तळपाय भाजले होते. रफीकने पाणी दिलं. त्यांनी पाय धुतले नाहीत, पाणी तसंच हातात धरून बसले.

"तुम्ही गप्प राहाले पाहिजे होतं, ताई."

"मी गप्पच होती. त्यानं विचारलं."

"तरी."

आम्ही दुसरं हेड बसवलं, नवं गॅस्केट टाकलं, ऑइल दोनदा बदललं, वायर जोडली. गाडी चांगली झाली. आता काटा जिथे जायला पाहिजे तिथेच जातो. जूनमध्ये शाळेच्या फेऱ्या सुरू झाल्या.

सविता अजून कामठीला, बापाच्या घरी आहे. चार जाणत्या लोकांची बैठक दोनदा बसली. पंकज म्हणतो, आधी सासऱ्याने माफी मागावी. सासऱ्याने मागितली. तो म्हणतो, मनापासून नाही मागितली. पोरगा रविवारी दोन तास भेटतो, तोही आजीचा मूड असला तर.

देविदासभाऊ आता माझ्याकडे येत नाहीत. ऑइल बदलायचं असलं की गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवतात. एकदा सविता सोबत आली होती. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी मी नसतं सांगितलं तरी..." तिने मला पूर्ण बोलू दिलं नाही.

"काकू, तुम्ही खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "पण पोरगं माझं गेलं."

मला फक्त इंजिन कळतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगते. जिथे बोनेट उघडायची लाज वाटते, तिथली गाडी घेऊ नका. बाजारातल्या अनोळखी माणसाकडून घ्या. तोही फसवेल. पण त्याच्याशी निदान भांडता येतं.