पान पासष्ट ते ऐंशी

माझा धाकटा भाऊ बाइंडर. चाळीस वर्षं एका छापखान्याच्या मागच्या खोलीत त्याने पुस्तकं शिवली. शाळा जेमतेम मॅट्रिकपर्यंत, पण वाचन असं की मला, बी.ए. झालेलीला, गप्प बसावं लागतं. सगळे त्याला डिंक्या म्हणतात. दाखल्यावरचं नाव त्यालाही विचार करून सांगावं लागेल.

घरात कपाटभर पुस्तकं, आणि त्यातलं एकही विकत घेतलेलं नाही. पुस्तक बाइंडरकडे सोळा-सोळा पानांच्या घड्यांत येतं. त्या घडीला फर्मा म्हणतात. काही खराब होणार म्हणून फर्मे थोडे जास्तच छापतात आणि उरलेले रद्दीत जातात. डिंक्या मालकाला विचारून ते उचलायचा आणि एकेक जमवत स्वतःसाठी एक प्रत शिवायचा. एखाद्या फर्म्यासाठी दोन वर्षं थांबायचा. मला असला धीर नाही.

त्यातून त्याला नाद लागला तो जुन्या कथांचा. जग कसं झालं, पूर का आला, वीर पाताळात कशाला उतरले. एका जाडजूड रजिस्टरात त्याने रकाने आखले होते. कुठल्या लोकांच्या कथेत अंडं फुटून आकाश आणि जमीन झाली, पुरानंतर कोणी कबुतर सोडलं, कोणी कावळा. प्रत्येक नोंदीपुढे पुस्तक आणि पान. नातेवाईक हसायचे. ‘‘काय डिंक्या, जग झालं का तयार, की अजून वाळतंय?’’ तोही हसायचा आणि पुढचा रकाना आखायचा.

तो निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी ते रजिस्टर पाहिलं आणि सरळ त्याचं व्याख्यानच ठेवलं. रविवारी संध्याकाळी सहाला. कॉलेजातले एक प्राध्यापकही येणार होते. पुस्तकं बांधणाऱ्याला पुस्तकांवर बोलायला बोलावण्याची ही पहिलीच वेळ.

रविवारी दुपारी दोनला भावजयीचा फोन. ‘‘वन्सं, लगेच या. हे सकाळी वाचनालयातून आले ते जेवलेलेच नाहीत. जाणार नाही म्हणतात.’’

गेले. डिंक्या पलंगावर, मांडीवर पुस्तक, चेहरा पांढराफटक.

‘‘ताई, माझं नाक कापलं गेलं.’’

‘‘अजून जागेवर दिसतंय. काय झालं ते नीट सांग.’’

झालं होतं असं. व्याख्यानाचा सगळा डोलारा एका साम्यावर उभा होता. आरंभी सगळीकडे पाणीच पाणी. एकेक प्राणी तळाशी बुडी मारतो. शेवटचा, सगळ्यांत लहान, मेलेला वर येतो आणि त्याच्या नखात चिमूटभर चिखल सापडतो. त्या चिखलाची पृथ्वी होते. ही कथा बर्फाळ मुलखातल्या लोकांची, आणि रजिस्टरनुसार दूर समुद्रातल्या बेटांवरच्या लोकांचीही, अगदी शब्दाला शब्द. सकाळी तो प्रदर्शनात मांडायची पुस्तकं काढून द्यायला वाचनालयात गेला आणि बेटांच्या पुस्तकाची तिथली प्रत सहज उघडली. त्या पानावर भलतंच! आकाश जमिनीवर आडवं पडलंय आणि मुलं ते वर ढकलताहेत. नखातला चिखल नावालाही नाही.

दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्याची. आकार तोच, टाइप तोच. याने बेटांच्या पुस्तकात बर्फाळ मुलखाच्या पुस्तकाचा पाचवा फर्मा शिवला होता. पान पासष्ट ते ऐंशी. आकडे बरोब्बर जुळलेले.

‘‘अरे, पण एक्याऐंशीवर गेल्यावर वाक्य तुटलं नाही?’’

‘‘तुटलं ना. मला वाटलं, अनुवादकच तसला आहे. वीस वर्षं शिव्या घातल्या बिचाऱ्याला.’’

मला हसू आवरेना.

‘‘हस. पण ताई, बाकीच्या नोंदींचं काय? सगळी पुस्तकं माझ्याच हातची.’’

हसू जागच्या जागी वाळलं.

भावजय दारातून म्हणाली, ‘‘बरं नाही म्हणून कळवू या का?’’

‘‘कळव की,’’ मी म्हटलं. ‘‘आणि पुढच्या रविवारी काय कळवशील?’’

रजिस्टर आणि मावतील तेवढी पुस्तकं दोन पिशव्यांत भरून आम्ही वाचनालय गाठलं. ग्रंथपालबाईंनी त्यांतल्या सात पुस्तकांच्या प्रती काढून दिल्या. तो आपल्या पुस्तकातल्या प्रत्येक फर्म्याची पहिली ओळ वाचायचा, मी वाचनालयाच्या. ‘‘जुळली.’’ ‘‘जुळली.’’ माझी नजर घड्याळावर.

पाचव्या पुस्तकात तिसरा फर्मा फसला. ‘‘गेलं,’’ तो म्हणाला. ‘‘वीराचं पाताळात उतरणं गेलं.’’ रजिस्टरातल्या त्या अख्ख्या पानावर काट मारली.

पावणेसहाला खुर्च्या भरू लागल्या. बेटांचं पुस्तक आणि हे पाचवं सोडून त्याच्या सातांतल्या पाच प्रती निर्दोष निघाल्या, आणि पुराच्या चार कथा त्या पाचांत होत्या. बाकी कपाट तसंच, बिनतपासलेलं.

डिंक्या उभा राहिला. नमस्कार-चमत्कार काही नाही. एकदम पाचव्या फर्म्याचीच हकीकत सांगितली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतले प्राध्यापक पुढे वाकले.

‘‘म्हणजे बाकीचं बरोबर आहे, हे कशावरून?’’

‘‘नाही सांगता येत,’’ तो म्हणाला. ‘‘पुराच्या चार कथा आज दुपारी ताडून पाहिल्यात. तेवढ्यांवर बोलतो. बाकीचं तपासून होईपर्यंत त्यावर तोंड उघडणार नाही.’’

प्राध्यापक मागे टेकले, एवढंच. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळेना.

मग तो पुरावर बोलू लागला. एका ठिकाणी मासा राजाला वर्दी देतो, दुसरीकडे देव भिंतीआडून कुजबुजतो, पण सांगणं तेच, होडी बांध. आवाज आधी चिरका होता, मग थोडा बसला. पाऊण तास बोलला म्हणे. मी निम्मंही ऐकलं नाही. दाराकडे बघत होते, कोण उठून जातंय ते. कोणी गेलं नाही.