शनिवारचा दिवा

सत्तरच्या दशकात नागपूरला अचानक आठवलं की इथे ज्यू राहत होते. रेल्वेत, तारखात्यात नोकऱ्या करून, आमच्याच मराठीत भांडून त्यातले बहुतेक इस्रायलला गेल्यावर हे आठवलं. मग एका संग्रहालयात त्यांच्यासाठी दालन निघालं.

माझ्या शेजारच्या मावशी मागे राहिल्या होत्या. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो वारला. मुलं तिकडे गेली. त्यांच्याकडे आजेसासूचा पितळी टांगता दिवा होता. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या तो लावत. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत घरात काडी ओढली जात नसे. आपल्यामागे दिवा मोडीत जाईल, या धास्तीने त्यांनी तो दालनाला दिला.

उद्घाटनासाठी मंत्र्यांना मोकळा वार शनिवारच होता.

"शनिवारी दिवा पेटवू नका हो," मावशींनी संग्रहालयाच्या संचालकांना बजावलं.

"मावशी, तासाभराचा तर कार्यक्रम!" संचालक म्हणाले. जणू देवाकडून तासाभराची रजा मंजूर करून आणली होती.

शनिवारी मावशी वाहनात बसत नसत, म्हणून आम्ही दोघं चालत गेलो. दिव्याला हळदकुंकू फासलं होतं, वर झेंडूचा हार, खाली पाटी: ‘ज्यू घरातला शनिवारचा दिवा’. मंत्र्यांनी काडी ओढली, दिवा पेटवला, फोटोसाठी पुन्हा पेटवला. मग कागद वाचला: शनिवारी घाण्याला हात लावत नसत म्हणून कोकणात या समाजाला शनवारतेली म्हणत, केवढी ही निष्ठा! विझलेली काडी अजून त्यांच्या बोटांत होती. कुणी हसलं नाही. टाळ्या झाल्या, मग पेढे.

सगळे पांगले. मावशी खुर्चीतून हलल्या नाहीत.

"काहून बसल्या वं आजी? आमाले बंद करायचं हाय," चपराशी म्हणाला.

"चांदणी दिसू दे. आज ओझं उचलत नाही मी."

तो बाहेर जाऊन आभाळ बघून आला. "दिसली वं आजी. एक नाही, लय दिसून राहिल्या."

मावशी उठल्या. दिवा केव्हाच विझला होता. हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला, पदराने कुंकू पुसलं आणि दिवा आकड्यावरून काढून काखेत घेतला.

संचालक धावत आले. "अहो, ती आता संग्रहालयाची वस्तू आहे!"

"मला शुक्रवारी लागेल," मावशी म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

काही दिवसांनी मी मुद्दाम दालनात डोकावलो. त्याच आकड्याला, साखळी बांधून, इतवारीत मिळते तसली नवीकोरी समई लटकत होती. खालची पाटी त्यांनी बदलली नव्हती.