आत्याची झाकणी

अख्ख्या सौंसर तालुक्यात झाकणी उचलून पाहिल्याशिवाय कुणाच्याच घरून परत न गेलेली बाई एकच, ती म्हणजे माझी आत्या. पाहुणी म्हणून आली तरी ओसरीवर टेकणं नाही, संत्र्याच्या बहाराची चौकशी नाही. चपला काढायची, थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि वरणाच्या गंजाची झाकणी उचलायची. पुरुष जेवून उठल्यावर बायकांसाठी काय उरलं, एवढंच तिला पाहायचं असे. तळ खरवडलेला दिसला की घरधन्याला विचारायची, "काहून रे भाऊ, बैलाले बी उरलंसुरलंच टाकतं का?" आत्या गल्लीत दिसली की असे कितीतरी भाऊ शेताकडे निघून जात.

छप्पन साली राज्यांची फेरमांडणी होऊन नागपूर सुटलं आणि आमचा तालुका नव्या मध्यप्रदेशात गेला, तेव्हा ओसरीओसरीवर वाद रंगले. आत्या म्हणाली, "राजधानी भोपाळले गेली म्हन्तेत. चूल कुठं गेली? तेथीच हाय."

त्याच हिवाळ्यात घरोघरचं खाणंपिणं आणि आरोग्य यांची पाहणी करणारे एक साहेब आमच्याकडे आले. वहिनीचे दिवस भरत आले होते. अंगात रक्त नव्हतं, घागर उचलताना भोवळ येऊन पडायची. साहेबांनी विचारलं, "घरात दूध असतं?" बाबा ऐटीत म्हणाले, "भरपूर."

आतून, पाहुणी आलेल्या आत्याचा आवाज आला, "कोन पेते, ते बी इचारा ना साहेब."

बाबांनी घाईघाईनं पाहुण्यांसाठी पाट मांडायला लावले. आत्यानं वहिनीला हाताला धरून बाहेर आणलं, बाबांच्या पाटावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं, दुधाचा पेला ठेवला.

"अवो बाई, सासऱ्याच्या पाटावर? लोक काय म्हन्तीन?" आई कुजबुजली.

"लोक आपापल्या घरी जेवून बसले. पोरगी उपाशी हाय."

"बाई, पाहुणा ताटकळून राहिला," बाबा दात आवळून म्हणाले.

"राहू दे. पाहालेच आला ना तो? पाहून राहिला." मग उठू पाहणाऱ्या वहिनीला म्हणाली, "खाय व पोरी. तुहं पोट भरल्याबिगर इथून कोनी हालत नाही."

साहेब हसू दाबत भिंतीला टेकले. त्या दिवशी आम्ही सगळ्या पुरुषांनी गार वरण खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून बाबा पाटावर बसण्याआधी ओरडायचे, "सूनबाई जेवली का?" आधी रागानं, मग सवयीनं. वहिनीला धडधाकट मुलगी झाली.

कित्येक वर्षांनी आत्या गेली, तिच्या तेरवीला गाव जमलं. घरची सवय घरात, पण चारचौघांत पहिली पंगत पुरुषांचीच; आम्ही बसलो. वहिनी दारात आली. गंजाची झाकणी उचलली आणि खणकन परत ठेवली.

सगळ्यांत आधी म्हातारे बाबा उठले.