काकूच्या हातची भाकरी

कोल्हापुरात कॉलेजला होतो तेव्हा माझा डबा राधानगरीकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने यायचा. स्टँडवर अशा डब्यांची रांग लागायची. माझा मला लगेच ओळखू यायचा, त्याला काकूने निळी नाडी बांधलेली असायची. आई शेताचं बघायची. चूल आणि म्हैस काकूकडे. भाकरी थापून झाली की काकू तिची कड बोटांनी दाबून घ्यायची. ते बोटांचे ठसे भाजल्यावरही राहायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ती पदवी त्या भाकरीवर झाली.

मी कोल्हापुरातच शाळेत शिक्षक म्हणून नोकरीला लागल्यावर काकू आजारी पडली. तिची झोप उडाली, ती भिंतीशी बोलायला लागली. एकदा विहिरीतून कुणी हाक मारतंय म्हणून निघाली. घरच्यांनी देवऋषी केला, अंगारे लावले, तिला खोलीत डांबून ठेवलं. शेवटी मी आणि काकाने तिला सरकारी मनोरुग्णालयात नेलं. गावात सगळे म्हणाले, "येड्यांच्या इस्पितळात टाकली." तिला डांबून ठेवणाऱ्यांना कुणी काही बोललं नव्हतं, दवाखान्यात नेलं तर आम्ही टाकली!

त्या दवाखान्यात गर्दी होती, डॉक्टरांना मान वर करायला वेळ नव्हता. पण औषधं फुकट मिळाली, काकू झोपायला लागली. बरं वाटायला लागल्यावर बाकीच्या बायकांबरोबर तिला स्वयंपाकघरात बसवलं. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "नर्सबाई माझी चपाती मागून घेती, म्हायतीय?" इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. आणि यांना रिकामं बसवू नका."

गोळ्या काका देत होता. डॉक्टरांचं दुसरं सांगणं मात्र कुणी ऐकलं नाही.

पुढच्या सुट्टीला गेलो तर स्वयंपाकघरात विळी दिसेना. काडेपेटी आईच्या कनवटीला. काकू गोठ्यात शेण भरत होती. पाहुणे आले, चहा आईने केला.

"काकूला का करू देत नाहीस?"

"आणि डोस्कं फिरलं मजी? पेटवून घेतलं तर तू येणार हाईस इझवायला?"

"मग धारेला कशी बसवतीस तिला?"

"म्हस दुसऱ्याला पान्हा सोडत न्हाय, म्हणून."

म्हणजे तिने काढलेलं दूध डेअरीला चालतं, चहाला चालतं. तिच्या हातचा चहा चालत नाही. मी ओरडलो. आई म्हणाली, "साळंत पोरास्नी वरड, हितं नगं."

दवाखान्यातल्या माणसांनी तिच्यापुढे पोळपाट ठेवला होता, आणि आम्ही, तिचंच खाऊन वाढलेल्यांनी, काडेपेटी लपवली. हे डोक्यातून जाईना. मी सांगून आलो, खानावळीचं सोसत नाही, पहिल्यासारखा डबा पाठवा, पण काकूनेच करायचा. आई "बरं" म्हणाली.

सोमवारी डबा आला. निळी नाडी. स्टँडवरच उघडला. भाकरीची कड गुळगुळीत होती. नाडी काकूकडून बांधून घेतली होती, भाकरी आईची.

शाळेत रजा कळवली आणि तसाच परतीच्या एसटीत बसलो. घरी पोचून डबा आईपुढे ठेवला.

"ही कुणी केली?"

"खायाची भाकरी हाय न्हवं? कुणी का करंना!"

"काकूनं करेपर्यंत मी इथनं उठत नाही," म्हणालो आणि चुलीसमोर बसलो. काका दारात येऊन खाली बघत उभा राहिला. धार काढून काकू आत आली. तिने डबा बघितला, मला बघितलं आणि काही न विचारता हात धुतले. मग आईपुढे हात पसरला.

 आईने कनवटीची काडेपेटी काढली. काकूचा हात पुढेच होता. आईने काडेपेटी त्या हातात दिली नाही. खाली जमिनीवर ठेवली आणि पाण्याची घागर चुलीजवळ ओढून घेतली.

काकूने वाकून काडेपेटी उचलली.

"आता पीठ द्या, आक्का," ती म्हणाली. "का त्येबी कुलपात घातलंसा?"