टीव्हीखालचा डबा

आई गेली त्या वर्षी दादा अमेरिकेहून महिनाभर मुलुंडला राहायला आला. तेवढ्या दिवसांत त्याने घरातले सगळे अल्बम स्कॅन केले, जुन्या कॅसेटी उतरवल्या आणि सगळं हार्ड डिस्कच्या एका काळ्या डब्यात भरून तो डबा टीव्हीखाली राउटरला जोडून दिला. "आता तिकडूनही आईला बघता येईल," म्हणाला आणि गेला. अर्धांगवायू झालेले बाबा आणि मी मागे राहिलो.

गेल्या वर्षी सोसायटीत नवीन इंटरनेट आलं आणि दादाला तिकडून डबा उघडेना. एरवी दिवाळीला फोन करणारा माणूस रोज सकाळी व्हिडिओ कॉल करू लागला.

"खाली वाक. दिवा हिरवा आहे का केशरी?"

"हिरवा."

"राउटर बंद करून चालू कर."

"आत्ताच केला ना!"

"परत कर गं."

मी फोन घेऊन जमिनीवर पालथी. बाबा मात्र डाव्या हाताने कशीबशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार असायचे. "जरा इकडे फिरव," म्हणायचे. मी फोन फिरवला की दादा म्हणे, "बाबा, बरे आहात ना? थांबा हं, आधी हे होऊ दे."

घरात डबा मला व्यवस्थित उघडत होता, म्हणजे बिघाड बाहेरच्या वाटेत होता. मी कंपनीला फोन लावून लावून पिच्छा पुरवला, तेव्हा कळलं की नव्या जोडणीत अख्ख्या बिल्डिंगला मिळून इंटरनेटवर एकच पत्ता आहे. दादाची हाक आमच्या दारापर्यंत पोचतच नव्हती. मी आमच्या घरासाठी वेगळा पत्ता मागून घेतला, तो राउटरमध्ये भरला, आणि दादाला तिकडून डबा उघडला.

"झकास!" दादा ओरडला. त्याच्या फोनमधून आईचं हसू ऐकू आलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "मलाही दाखव रे."

"नंतर बाबा, मीटिंग आहे."

दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून बसले. फोन आला नाही. त्यानंतरही नाही. शेवटी मी दादाला मेसेज केला, बाबा वाट बघतायत. उत्तर आलं, "आता सगळं नीट चालतंय ना? मग काय झालं?"

माझं डोकंच फिरलं. वाकले आणि डब्याची वायर उपटली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अगं, परत बंद पडलं वाटतं."

"हो का? बाबांना विचार," म्हणून मी फोन बाबांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. बाबा गुडघ्याबद्दल बोलले, शेजारच्या नातवाबद्दल बोलले, बोलतच राहिले. मध्येमध्ये दादाचं चालू होतं, "हो, पण तो दिवा..."

फोनाशिवाय बरेच दिवस गेले की मी अजूनही वायर काढते. फोन येतो. बाबा मला सांगतात, "बघ, म्हातारपणी तरी त्याला माझी ओढ लागली." मी हो म्हणते.