तळापर्यंतचा उजेड

माझं नगरला फिशटँकचं दुकान आहे. तिथं एक काका लाईट बघायला यायचे. नवा लाईट लावला की आधी चष्मा काढून खिशात ठेवायचे, मग डोळे बारीक करून दुकानातल्या टाकीत बघत राहायचे. पसंत पडला तर "व्हय, व्हय", नाहीतर नुसतं "च्च".

त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची, छातीएवढी खोल टाकी होती. तळाशी काकूंचं आवडतं जांभळं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. खोल टाकीला दमदार लाईट लागतोच, पण काका दर खेपेला आणखी प्रखर मागायला लागले. जास्त उजेडानं वरची कोरलं पांढरी पडत चालली. मी वैतागून म्हणालो, "काका, सगळी जळतील. तळ लख्ख दिसतोय की!"

"तुला दिसतोय. हिला न्हाई दिसत. चष्मा काढला की मलाबी हिच्याएवढंच दिसतं, म्हणून काढून बघतो."

मी मोठा लाईट दिला.

मागच्या आठवड्यात ते परत आले. मी आपणहून सगळ्यात प्रखर काढून ठेवला.

"तो नको. कोरलांना मानवेल असा मंद दे."

"आणि काकू?"

"बसते की टाकीपुढं. आता तिला उजेडबी कळत न्हाई. रोज विचारते, जांभळं कसं हाय? मला खोटं सांगवत न्हाई."

मी मंद लाईट लावला. सवयीनं त्यांचा हात चष्म्याकडं गेला आणि तसाच खाली आला.